महिलांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे जिल्ह्यात आणायची, तर मुक्कामाची गावं कोणती?

चढण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा मी आणि माझी लेक सासवडच्या बाजूला रस्त्याच्या कडेला दोन तास उभ्या होतो. आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या, मग पंचांची गाडी आणि मग तो अख्खा घोळका. चाळीस सेकंदांत सगळं आटोपलं, पण शंभर साखळ्यांचा तो घरघराट अजून कानात आहे. लेक बारा वर्षांची आहे, शाळेला सायकलने जाते. परत येताना तिने विचारलं, "आई, मुलींची उद्या आहे का?"

मुलींची नव्हतीच. ४३७ किलोमीटरची, यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) २.२ दर्जाची, त्या दर्जाची अनेक टप्प्यांची भारतातली पहिली शर्यत, पण फक्त पुरुषांची. (२.२ मधला पहिला आकडा अनेक दिवसांची शर्यत असं सांगतो, दुसरा तिचा दर्जा.) महिलांसाठीही हाच दर्जा असतो. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये महिलांच्या टप्प्यांच्या शर्यती होतात, चीनमध्ये शांघायजवळच्या चोंगमिंग बेटावर तर जागतिक मालिकेतली शर्यत होते. आपल्याकडे रस्ते झाले, पोलिसांना सराव झाला, लोकांनी शर्यत डोळ्यांनी बघितली. आता मुलींची व्हायलाच हवी.

हा धागा मात्र गावांसाठी काढलाय. कुठल्या गावातून टप्पा सुटेल, कुठे संपेल, संघ कुठे झोपतील? माझा हिशेब असा: अठरा संघ धरले, प्रत्येकी सहा जणी, तर १०८ सायकलपटू. प्रत्येक संघामागे मेकॅनिक, मालिश करणारे, प्रशिक्षक, गाडी चालवणारे मिळून चार-पाच माणसं. वर पंच, डॉक्टर, आयोजकांची माणसं. म्हणजे तीनशेच्या आसपास पाहुणे एका रात्रीला.

माझ्या डोक्यातली गावं: सासवड-जेजुरी, बारामती, जुन्नर, आणि सगळ्यात लाडका टप्पा भोर ते पाचगणी. भोरवरून मांढरदेवचा घाट, खाली वाई, मग पसरणीचा घाट चढून पाचगणीत शेवट. लांबीला कमी, पण दोन घाट. कोण पहिली येते ते शेवटच्या वळणापर्यंत कळणार नाही.

त्या त्या गावची माणसं इथे असतील तर बोला. पुण्यात बसून गावं ठरवायची आणि मग त्यांना पत्र पाठवायचं, हे मला पटत नाही.

---

फिरस्ता

कल्पना शंभर टक्के मान्य. पण मुक्काम पुण्यातच ठेवा. हॉटेलं इथे, इस्पितळं इथे, विमानतळ इथे. रोज सकाळी बसने सासवडला किंवा भोरला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. सुटायच्या जागेला एक मांडव, संपायच्या जागेला एक मांडव. गावावर तीनशे माणसांचा बोजा कशाला?

---

चढण

@फिरस्ता, सोयीचं तेच आहे, मान्य. पण मग गावाच्या वाट्याला काय येतं? चार तास बंद रस्ता आणि संध्याकाळी उचलायच्या पाण्याच्या बाटल्या. लॉजवाला, खानावळवाला, दूधवाला, कुणालाच काही मिळत नाही. अशा गावाने दुसऱ्या वर्षी होकार का द्यावा? शिवाय सासवड ठीक आहे, पण जुन्नरहून पुण्यात यायचं तर चाकणची कोंडी. शंभर किलोमीटर सायकल मारून आलेल्या मुलीला तीन तास बसमध्ये बसवायचं का?

---

थेम्सकाठ

मूळची कर्वेनगरची, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथली गोष्ट सांगते, कारण ती जशीच्या तशी याच प्रश्नाची आहे.

२०१४ मध्ये इथे विमेन्स टूर सुरू झाली. पहिला टप्पा सुटला तो लंडनहून नाही, औंडल नावाच्या बाजारगावातून. आपल्या भोरसारखं समजा: एक मुख्य रस्ता, जुनी दगडी घरं, शाळा. पाच टप्पे झाले आणि शेवट बरी सेंट एडमंड्सला. मारियाना व्हॉस जिंकली. त्या वेळी गावागावांत शाळेची पोरं रस्त्यावर आली होती. स्थानिक कौन्सिल यजमानपदासाठी पैसे भरायच्या, कारण गाव टीव्हीवर दिसायचं आणि दुकानं चालायची. २०१८ पासून बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या टूर ऑफ ब्रिटनएवढी केली गेली.

२०२२ ची तर विचारूच नका. ऑक्सफर्डला शेवट झाला तेव्हा एलिसा लोंगो बोर्गिनी फक्त एका सेकंदाने जिंकली. आणि २०२३ ची शर्यत झालीच नाही. प्रायोजक मिळेना, खर्च वाढलेला. पुढच्या जानेवारीत आयोजक कंपनीच बंद पडली. २०२४ मध्ये ब्रिटिश सायकलिंग या इथल्या राष्ट्रीय संघटनेने स्वतः हातात घेतली म्हणून चार टप्प्यांची का होईना, परत उभी राहिली.

मला यातून एवढंच दिसतं की गावं भरपूर उत्साही होती तरी एकट्या गावांच्या जिवावर शर्यत टिकत नाही. मुख्य पैसा दुसरीकडून यायला हवा. गावाकडून जागा, माणसं आणि मन मागा. नगरपरिषदेकडे रोकड मागायला गेलात तर पहिल्याच बैठकीत दार बंद होईल.

---

कऱ्हाकाठ

मी सासवडची. ताई, तीनशे माणसांचा आकडा वाचून मला हसू नाही आलं, पण धीर मात्र आला. आमच्याकडे माऊलींची पालखी दोन रात्री मुक्कामाला असते. लाखांनी माणसं येतात. दिवे घाट चढून आलेल्या बायकांना काय लागतं हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाय शेकायला गरम पाणी, कपडे बदलायला आडोसा, रात्री उठून जायला उजेडातली वाट. माझ्या सासूबाई आषाढाच्या आधी महिनाभर मोरीचं दार, कडी, बल्ब तपासतात. कडी ढिली असेल तर सुताराला बोलावतात. "बाईला कडी लागते" हे त्यांचं वाक्य आहे.

पुणे जिल्ह्यात मुक्कामाची गावं शोधताय ना? पालखीचा रस्ता बघा. सासवड, जेजुरी, वाल्हे या बाजूला. तुकोबांच्या वाटेवर यवत, वरवंड, बारामती, इंदापूर. या गावांना मुक्काम शिकवायला लागत नाही.

---

फिरस्ता

@कऱ्हाकाठ, हे आवडलं. पण एक फरक आहे. वारीत माणूस मिळेल तिथे पथारी टाकतो आणि गाव श्रद्धेने करतं. इथे प्रत्येकीला पलंग, ठरलेल्या वेळी जेवण आणि लेखी करार लागतो. नाही मिळालं तर तक्रार जाते आणि दर्जाही जातो.

---

कऱ्हाकाठ

बरोबर आहे. करार करा. आमच्याकडे मंगल कार्यालयं आहेत, त्यांना लेखी बुकिंगची सवय आहे. लग्नाच्या तिथी बघून तारीख धरा म्हणजे झालं.

---

रस्ताबांधणी

सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. चार गोष्टी रस्त्याच्या सांगतो, कारण गाव कितीही चांगलं असलं तरी शेवटचा किलोमीटर चुकला तर माणसं पडतात.

यूसीआयच्या नियमाने शेवटच्या रेषेच्या आधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर दोन्ही बाजूंना कठडे लागतात. म्हणजे सरळ, रुंद, गतिरोधक नसलेला असा पट्टा गावात हवा. आपल्या तालुक्याच्या गावांत शाळा, दवाखाना, मंदिर आलं की गतिरोधक आलाच. तो काढायचा तर ठराव लागतो, आणि शर्यतीनंतर परत घालून द्यायचा शब्दही द्यावा लागतो, कारण तो कुणाचं तरी पोर गेल्यावर घातलेला असतो. हे विसरू नका. गावात जाऊन "तुमचे गतिरोधक काढा" म्हणू नका, आधी तो का घातला ते विचारा.

दुसरं, ऊस. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बारामती, नीरा, इंदापूर पट्ट्यात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीतून पडलेलं टिपरू मोटारीखाली चिरडतं आणि डांबराला चिकटून बसतं. पंचवीस मिलिमीटरच्या टायरखाली ते आलं तर काय होईल सांगायला नको. कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलून त्या दिवशी सकाळची वाहतूक थांबवावी लागेल आणि पहाटे रस्ता झाडून घ्यावा लागेल. होऊ शकतं, पण कारखाना बैठकीला पहिल्या दिवसापासून हवा.

तिसरं, दिवे घाटात पालखी महामार्गाचं रुंदीकरण. काम कुठवर आलंय ते जाऊन बघा आणि मगच तो घाट धरा. नाहीतर बोपदेव आहेच, पण तो अरुंद आणि जास्त उभा.

चौथं, तुमचा लाडका पाचगणीचा टप्पा. मांढरदेव आलं की सातारा जिल्हा. दुसरे जिल्हाधिकारी, दुसरे पोलीस अधीक्षक, बांधकामचं दुसरं मंडळ. पहिल्या वर्षी एकाच जिल्ह्यात राहा असा माझा आग्रह आहे.

---

नीराकाठ

भोरला शाळेत शिकवतो. धाग्यात गावाचं नाव बघून लिहावंसं वाटलं.

पाचगणीचा टप्पा मलाही आवडला असता, पण जानेवारीत मांढरदेवचा घाट सोडून द्या. काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. त्या दिवसापुरतीच गर्दी नसते, अख्खा पौष लोक येत राहतात, भोरकडूनही आणि वाईकडूनही. २००५ च्या जानेवारीत तिथे झालेली चेंगराचेंगरी आम्ही कुणी विसरलेलो नाही. त्या महिन्यात त्या रस्त्यावर पोलिसांना दुसरं काम देऊ नये.

फेब्रुवारी म्हणाल तर बारावीची परीक्षा, पाठोपाठ दहावी. शाळा केंद्र असतात, पोलीस तिथे. मार्गशीर्षात जेजुरीला चंपाषष्ठी. एप्रिलमध्ये गावोगावच्या जत्रा आणि ऊन.

मग मार्ग काय? भोरला वाईकडून नको, सासवडकडून या. सासवड, नारायणपूर, पुरंदरच्या पायथ्याने केतकावळे, कापूरहोळ आणि तिथून भोर. चढ-उतार आहे, डावीकडे किल्ला दिसतो, आणि सगळं पुणे जिल्ह्यात. शेवट राजवाड्यासमोर करता येईल की गावाबाहेर मैदानाजवळ, ते रस्ताबांधणी काकांनी येऊन सांगावं.

---

रस्ताबांधणी

सर, हा रस्ता मी पायी पाहिलेला आहे. चांगला सुचवलात. कापूरहोळला सातारा महामार्ग ओलांडावा लागतो, तिथे बंदोबस्त जास्त लागेल. बाकी येतो मी, तारीख कळवा.

---

जुना_रेसर

मुंबई-पुणे शर्यत तीनदा पूर्ण केली आहे. बोरघाटात पहिला येणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणायचे. त्या नावासाठी लोक वर्षभर लोणावळा-खोपोली करायचे. आमच्या वेळी घाट चढणाऱ्या मुली असायच्या, पण त्यांना चढायला शर्यतच नसायची. माझी बहीण माझ्याबरोबर सराव करायची आणि चढावर माझ्या पुढे असायची. तिचं नाव कुठल्याच निकालात नाही.

तारखेबद्दल: नोव्हेंबर-डिसेंबर आपल्याला सोयीचा वाटेल, पण युरोपचा मोसम ऑक्टोबरात संपतो आणि मुली विश्रांतीवर असतात. जानेवारीत त्या ऑस्ट्रेलियात, फेब्रुवारीत अमिरातीत. २.२ ला मोठे संघ यायचेच नाहीत असं धरून चाला. आशियाई राष्ट्रीय संघ आणि लहान व्यावसायिक संघ आले तरी पुष्कळ. आपल्या मुलींना त्यांच्याबरोबर धावायला मिळणं हाच खरा फायदा. कोल्हापूरची पूजा दानोळे, भंडाऱ्याची मयूरी लुटे, अशा मुली महाराष्ट्रातच तयार झाल्या. घरच्या रस्त्यावर, ओळखीच्या हवेत, आपल्या भाषेत ओरडणाऱ्या माणसांसमोर त्यांना एकदा तरी धावू द्या.

गावांची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक जुनी आठवण. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९८४ ते २००२ महिलांची मोठी टप्प्यांची शर्यत चालायची. बरीचशी डोंगरातली छोटी गावं. १९९० साली जागतिक संघटनेने मान्यता नाकारली. कारण काय, तर महिलांसाठी चढ जास्त, टप्पे लांब, दिवसही जास्त. आयोजकांनी शर्यत तशीच चालू ठेवली. त्याच १९८४ मध्ये फ्रान्समध्येही महिलांची टूर झाली, अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली. १९८९ नंतर ती त्या रूपात थांबली, मध्ये वेगवेगळ्या नावांनी शर्यती धडपडत राहिल्या आणि २०२२ मध्ये टूर द फ्रान्स फाम म्हणून उभी राहिली. २०२४ मध्ये कासिया निएव्हियाडोमा ती फक्त चार सेकंदांनी जिंकली. शर्यत टिकली तरच असे चार सेकंद बघायला मिळतात.

---

सातगाव_पठार

काका, आयडाहोच्या त्या शर्यतीला पैसा कुणाचा होता?

---

जुना_रेसर

सुरुवातीला ओर-आयडा. गोठवलेल्या बटाट्याची कंपनी. बटाटा हेच तिथलं मुख्य पीक.

---

सातगाव_पठार

मग ऐका. आमच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटाच होतो आणि वेफर्स कंपन्यांना जातो. प्रायोजक शोधताना मुंबईच्या काचेच्या इमारतींतच का जायचं? बटाटा, द्राक्ष, दूध, अंजीर, ज्या तालुक्यातून टप्पा जातो तिथल्या पिकावर चालणारे उद्योग आहेत. थेम्सकाठ ताईंनी सांगितलेला पैशाचा प्रश्न असा टप्प्याटप्प्याने वाटून घेता येईल. मी आमच्याकडच्या शेतकरी कंपनीत विषय काढतो.

---

निळी_सायकल

एक अनुभव सांगायलाच हवा. दोन वर्षांपूर्वी आम्ही तीस बायकांनी पुण्याबाहेर एका तालुक्याच्या गावी सायकलने जायचं ठरवलं. गावाचं नाव लिहीत नाही. सकाळी साडेनऊला पोहोचलो, साठ किलोमीटर झालेले. हार, नारळ, ढोल, सगळं होतं. स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेलेले. आमच्यातल्या दोघींची पाळी होती. सत्कार चालू असताना त्या दोघी एका अनोळखी घराचं दार वाजवत फिरत होत्या. एका आजींनी आत घेतलं, साबण दिला, चहा केला. त्या आजींचं घर मला आजही सापडेल.

म्हणून गाव निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: किल्ली कुणाकडे? आणि बरोबर दुसरा: दुसरी किल्ली कुणाकडे?

आंतरराष्ट्रीय शर्यतीत उत्तेजक चाचणीचीही खोली लागते. शर्यत संपते तिथून जवळ, बंद दाराची, आतच स्वच्छतागृह असलेली, आणि नमुना घेताना समोर अधिकारी बाईच लागते. ही खोली मांडवात होत नाही. तालुक्याच्या गावात शाळा किंवा ग्रामीण रुग्णालयच बघावं लागेल.

---

चढण

@निळी_सायकल, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या यादीत पहिला रकाना "रस्त्याची रुंदी" होता. आता तो "किल्ली" आहे.

सगळ्यांचं वाचून मी माझा लाडका टप्पा सोडते. पाचगणी पुढे कधीतरी. पहिल्या वर्षी चार दिवस, तीन गावं: पुण्यात छोटी वैयक्तिक वेळेची शर्यत (एकेकीने सुटायचं, घड्याळाशी धावायचं), मग सासवड ते भोर नारायणपूरमार्गे, भोरला मुक्काम, परत सासवड-जेजुरीच्या भागात फेऱ्यांचा टप्पा, आणि शेवटी बारामती. बारामतीला पुरुषांच्या शर्यतीचा टप्पा संपलेला आहे, तिथे शिकवावं लागणार नाही. जुन्नर राहिलं याचं वाईट वाटतं. तिकडचं कुणी असेल तर भांडायला या.

महिना अजून ठरत नाही. पौष, परीक्षा आणि ऊस यांच्यातून फट शोधायची आहे. नीराकाठ सर, पुढच्या दोन वर्षांचं पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक एकत्र मांडून द्याल का?

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदांत निवडून आलेली माणसं बसली आहेत, म्हणजे बोलायला कुणीतरी आहे. अंदाजपत्रकाच्या आधी पोहोचलो तर स्वच्छतागृहं आणि दिवे त्यात बसू शकतात, आणि ती शर्यत झाली नाही तरी गावाला राहतील. मी पत्राचा मसुदा करते. पत्रात सहा प्रश्न, एकही मागणी नाही.

---

थेम्सकाठ

मसुदा मला पाठव. इथल्या कौन्सिलांना शर्यतीआधी काय काय विचारतात ती माझी टिपणं आहेत, मराठीत करून देते. एक भर घाल: मेकॅनिकना रात्री सायकली धुवायला पाण्याची जागा. अठरा संघ म्हणजे शंभरावर सायकली, एकाच संध्याकाळी. नळ, निचरा आणि उजेड.

---

कऱ्हाकाठ

सासवडची एक किल्ली माझ्याकडे धरा. दुसरी सासूबाईंकडे.

---

रस्ताबांधणी

रविवारी सकाळी सातला कात्रजहून निघतो. गाडीत तीन जागा आहेत. मोजपट्टी आणि गतिरोधकांची वही माझ्याकडे आहे. कापूरहोळला थांबून मग भोर.

---

निळी_सायकल

मी येते. सायकलने निघते पहाटे, भोरला भेटू.

---

नीराकाठ

पंचांगाचं करतो. रविवारी या, जेवण माझ्याकडे.

थेम्सकाठ ताईंचं वाचून संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन आलो. मागच्या भिंतीला बारा तोट्या आहेत. नऊ चालू, तीन बंद. निचरा ठीक आहे, पण दिवा नाही. तोट्या शनिवारपर्यंत बसवून घेतो. दिव्यासाठी मुख्याध्यापकांशी बोललो, ते म्हणाले अर्ज द्या. अर्ज दिलाय.